लोकरीच्या दुकानातल्या दोघी

कार्यालयात कुणाचंही खरं नाव घ्यायचं नाही, हा नियम थोरलीनेच केलेला. भिंती पातळ होत्या. खाली दातांचा दवाखाना होता, आणि दात दुखत बसलेल्या माणसाला ऐकण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. म्हणून मदत मागायला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक टोपणनाव मिळायचं. छत्रीवाली, गणितवाली, दोन वेण्या. मग काम करणाऱ्यांनाही मिळालं. ती स्वतः थोरली. नवी आलेली समुपदेशक मुलगी साहजिकच धाकटी. वकीलबाई मात्र वकीलबाईच राहिल्या. त्यांचं म्हणणं, फी तर सोडलीच आहे, निदान हुद्दा तरी राहू द्या.

थोरलीचं काम जोडण्याचं. घरात मार खाणारी बाई दारात आली की तिला डॉक्टर लागतो, पोलीस लागतात, वकील लागतो, राहायला जागा लागते, आणि या चौघांना एकमेकांची तोंडं बघायची इच्छा नसते. डॉक्टर म्हणतात आधी पोलीस, पोलीस म्हणतात आधी डॉक्टर. थोरली त्या सगळ्यांना एका दोऱ्यात ओवायची. असलं काम कुणाला दिसत नाही. लग्न लागलं की मध्यस्थाला कोण विचारतो, असं ती स्वतःच हसत म्हणायची, आणि तिला त्याचं खरंच काही वाटत नसे.

विणकरणीची गोष्ट वेगळी होती. विणकरीण तिची होती.

ही बाई घरी स्वेटर विणून विकायची. नवरा विमा कंपनीत, दाव्यांची तपासणी करणारा. थोडक्यात, खोटं पकडण्याचा पगार घेणारा. सभ्य, हळू बोलणारा, शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्यांना जिना चढायला हात देणारा. बायकोला मात्र तो अशा जागी मारायचा, की लांब बाह्यांचा स्वेटर घातला की प्रश्न मिटला. एकदा डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं होतं. जबाब घ्यायच्या वेळी नवऱ्याने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती म्हणाली, "मी पडले." तो समोर असला की तिची वाचा बसायची. तो नसताना बोलायची, पण तेही शब्द शिधा मोजून दिल्यासारखे. थोरलीने वर्षभर तिच्यासमोर बसून ते शब्द वेचले होते. घाई केली नव्हती, ओरडली नव्हती, "सोडून का जात नाहीस" हा मूर्ख प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

नवरा फाइली घरी आणूनच काम करायचा, आणि घरातला फोन तोच उचलायचा. म्हणून थोरलीने लोकरीच्या दुकानाची युक्ती काढली. फोन करून म्हणायचं, लोकरीच्या दुकानातून बोलतेय. करडी लोकर आली म्हणजे भेटायला ये. रंग संपला म्हणजे थांब. निळी आली म्हणजे जागा मिळाली, आज निघायचं. आणि यातला सगळ्यात कडक नियम असा, की दुकानाचा आवाज कायम एकाच बाईचा. आवाज बदलला की गोष्ट बदलते, आणि गोष्ट बदललेली ओळखणं हाच तर त्या माणसाचा धंदा.

मग दुकानाचा पहिला फोन करायच्या आधीच थोरलीचं पित्ताशय काढावं लागलं. दीड महिना ती घरी पडून होती. तेवढ्या काळात दुकानाचा आवाज धाकटीकडे गेला, आणि नियमाप्रमाणे तिच्याकडेच राहिला.

कामावर परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात, धुरकट काचेच्या दारापलीकडून तिला हसणं ऐकू आलं. धाकटीचं नव्हे. धाकटी तर दिवसभर खिदळायची. हे दुसरं होतं, बिजागरी गंजलेलं दार उघडावं तसं. थोरलीने हातातली कपबशी खाली ठेवली. विणकरीण हसत होती.

"काय सांगत होतीस गं तिला एवढं?" नंतर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही हो ताई. माझ्या आईने एकदा मला स्वेटर विणला, त्याला तीन बाह्या झाल्या. ते सांगत होते."

"आणि त्यावर ती हसली?"

"पोट धरून!"

वर्षभर आपण काय केलं, थोरली मनाशी म्हणाली, तर तिच्यासमोर गंभीर चेहरा करून बसलो. आणि ही कालची पोर तीन बाह्यांचा स्वेटर घेऊन आली नि बाजी मारून गेली. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की पित्ताशय काढलं म्हणजे पित्त गेलं असं नाही. पित्त यकृतात तयार होतच राहतं, फक्त साठायला पिशवी उरत नाही, म्हणून ते थेंबथेंब सारखं गळतं. थोरलीला ते वर्णन अगदी पटलं होतं.

घरी थोरलीचा नवरा म्हणाला, "म्हणजे तुला ऑफिसात सवत आली म्हण की."

"गप्प बसा."

"बरं, जाऊबाई म्हणू. थोरली जाऊ, धाकटी जाऊ."

"भाजी वाढू का अंगावर ओतू?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. मत्सराला वय शोभत नाही, हे तिला कळत होतं. तो कुठल्या गोष्टीचा आहे हेही कळत होतं, आणि कळल्याने काडीइतका फरक पडत नव्हता. विणकरीण येण्याच्या वेळी ती मुद्दाम दाराशी फाइली लावत बसायची. विणकरीण तिला मान लववून "बऱ्या आहात ना ताई?" विचारायची आणि आत धाकटीकडे जायची. तो मानच तिला खुपायचा. असा मान लोक परत येण्याची शक्यता नसलेल्या पाहुण्याला देतात.

धाकटीच्या मनात काही नव्हतं, हेच जास्त छळायचं. ती दोनतीनदा खुर्ची ओढून जवळ येऊन बसली होती. "ताई, दुकानाची गंमत सांगते तुम्हाला. तो नवरा ना, माझ्याशी चक्क गप्पा मारतो..."

"मला पत्र टाइप करायचंय. नंतर सांग."

ते नंतर कधी आलं नाही. थोरलीने येऊ दिलं नाही.

एका मंगळवारी सकाळी आश्रयगृहातून फोन आला. तिथल्या व्यवस्थापक बाई कधीच प्रस्तावना करत नसत. "एक खोली रिकामी झालीय. आज संध्याकाळपर्यंत धरून ठेवते. उद्या दुसऱ्या गावची बाई येतेय, मग मला सांगू नका."

धाकटी छत्रीवालीला घेऊन कोर्टात गेली होती. कोर्टाच्या दारात फोन जमा करावे लागतात. वकीलबाई मधल्या सुट्टीत बाहेर येतात, तेव्हा निरोप मिळाला असता. थांबता आलं असतं. थोरलीने घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःला बजावलं, की अशा कामात एकेक मिनिट मोलाचं असतं. दुसऱ्या कुणी हे वाक्य तिला ऐकवलं असतं, तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तिने दुकानाचा फोन उचलला. निळी आली, हे शब्द विणकरणीच्या कानात आपल्या आवाजात पडावेत, वर्षभर थांबलो ते याच शब्दांसाठी, एवढंच तिच्या मनात होतं.

नवऱ्याने फोन उचलला.

"नमस्कार, लोकरीच्या दुकानातून बोलतेय. बाईंना सांगाल का, निळी लोकर आलीय."

तो हळू आवाजात म्हणाला, "आज मालकीणबाई नाहीत वाटतं?"

"मीच मालकीण."

"हो का? त्या तर म्हणाल्या होत्या, दुकान एकटीचं आहे. त्या आणि त्यांचं मांजर." तो गोड हसला. "मांजराचा आवाज काही एवढा भारदस्त नसणार."

थोरली अडखळली. "म्हणजे, मी मदतीला..."

"सांगतो हं तिला," तो म्हणाला आणि त्याने अलगद फोन ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

थोरली उठून खिडकीशी गेली, परत आली. धाकटी काय सांगायला आली होती ते आता कळलं होतं. दुकान, एकटी मालकीण, मांजर. सगळी दुनिया तिने उभी केली होती, आणि थोरलीने ऐकायला नकार दिला होता, कारण ती दुनिया दुसरीने उभी केलेली होती. आता त्या घरात काय चाललं असेल, हे तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. विणकरणीने सांगितलेला शब्द न् शब्द तिला पाठ होता.

तिने स्वतः रिक्षा करून कोर्ट गाठलं आणि मधल्या सुट्टीत धाकटीला पायऱ्यांवरच अडवलं. काही लपवलं नाही. "मी फोन केला. तू येईपर्यंत थांबायचं होतं, थांबले नाही. त्याने मला पकडलं."

धाकटीचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. "ताई, हा नियम तुमचा आहे ना?"

"हो."

"मग?"

थोरलीजवळ उत्तर होतं, पण ते पायऱ्यांवर देण्यासारखं नव्हतं. "तू आधी तिचा आवाज ऐक," ती म्हणाली. "मला नंतर काय बोलायचं ते बोल."

कोर्टामागच्या झेरॉक्सच्या दुकानाआड उभं राहून धाकटीने फोन लावला. फोन मधोमध धरला होता, त्यामुळे थोरलीला सगळं ऐकू येत होतं. धाकटीने एक श्वास घेतला, आणि तिचा आवाज एकदम बदलला, पाय पसरून गप्पांना बसल्यासारखा झाला.

"काय हो साहेब, आमच्या ताईसाहेबांनी फोन केला होता म्हणे तुम्हाला?"

"ताईसाहेब?"

"माझी थोरली बहीण! आजारी पडली म्हणून दुकान माझ्यावर टाकून गेली होती, आता परत आलीय. आल्यापासून माझ्या दुकानाची मालकीण होऊन बसलीय. मी जरा बाहेर गेले की गल्ल्यावर ही. गिऱ्हाइकांना फोन काय करते, माल काय हलवते. माझं काही बरं चाललेलं तिला बघवतच नाही हो. लहानपणापासून तशीच."

थोरली भिंतीकडे बघत राहिली. कानापर्यंत तापलेलं रक्त तिला जाणवत होतं. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती.

नवरा मनापासून हसला. "असं आहे होय. मला वाटलं, मालकी बदलली."

"बदलेल, ती राहिली तर! बाईंना देता का जरा? निळ्यात दोन छटा आहेत, विचारायचंय."

खुडबुड झाली. मग विणकरणीचा आवाज, पातळ पण सरळ. "निळीच ना?"

"निळीच. आजच घ्यायला हवी."

पलीकडे नवऱ्याने काहीतरी विचारलं. विणकरीण म्हणाली, "हे म्हणतायत, आम्ही दोघंही येतो. ह्यांना तुमचं दुकान बघायचंय." आणि फोन बंद झाला.

"त्याची अर्धीच खात्री पटलीय," धाकटी म्हणाली.

मग थोरली कामाला लागली, आणि निदान तेवढा वेळ तिला दुसरं काही सुचलं नाही. बाजारात खरंच एक लोकरीचं दुकान होतं, आणि विणकरीण घरी त्याचंच नाव सांगायची. त्याचे म्हातारे मालक कार्यालयाला हिवाळ्यात उरलेला माल द्यायचे. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे माझ्याच दुकानात मी नोकर? ठीक आहे. पगार ठरवा." दुकानाला मागे बोळात उघडणारं दार होतं. बोळात गाडी उभी राहील आणि निघताना एकदा हॉर्न देईल, असं ठरलं. पोलीस ठाण्यातून एक बाई साध्या कपड्यात आल्या आणि गिऱ्हाईक बनून विणायच्या सुया चाळू लागल्या.

"कितव्या नंबरची देऊ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुठलीही. अणकुचीदार असली म्हणजे झालं."

विणकरीण सज्ञान होती, तिला पुढच्या दारानेही कुणी अडवू शकत नव्हतं. पण तो समोर असताना ती पाऊल उचलणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तिला फक्त त्याच्या नजरेआड जायला हवं होतं, आणि तेवढा वेळ त्याने पुढेच थांबायला हवं होतं.

ती दोघं आली. छतापर्यंत रचलेल्या लोकरीच्या गुंड्यांमध्ये तो रुबाबात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात बायकोची पिशवी. "तर या दोघी बहिणी," तो म्हणाला. "आणि मांजर कुठेय?"

"ताईला मांजर चालत नाही," धाकटी म्हणाली. "शेजारी ठेवलंय. बाई, निळी आत आहे. इथल्या दिव्यात रंग कळायचा नाही, मागच्या दाराशी उजेडात बघा."

विणकरीण आत गेली. खांदे वर चढलेले, चाल अगदी नेहमीची. तो तिच्या मागे निघाला.

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. दिवसभरात तिचं अवसान पहिल्यांदाच गळालं होतं. त्याने आतल्या पडद्याला हात घातला.

"कुणी सांगितलं तुला ती निळी दाखवायला?" थोरली म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तो थांबला.

"मी मागवलेली लोकर आहे ती. माझं गिऱ्हाईक आहे ते. वर्षभर मी जपलंय. पावसापाण्यात, बोलेना तर बोलेना म्हणून गप्प बसून. आणि मी आजारी काय पडले, तू आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस!"

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या गालावर रंग आला. "मी बसले? तूच सांगितलंस ना मला बसायला! सांभाळ म्हणालीस, मी सांभाळलं. आता चांगलं चाललंय तर तुझ्या पोटात दुखतंय?"

धाकटीने तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"दुखतंय! दुखणारच. माझ्यापुढे ती एकदा तरी हसली का? तुझ्याकडे आली की खिदळते. काय करतेस असं तू?"

"मी काही करत नाही. मी तिच्याकडे बघून रडवेलं तोंड करत नाही, एवढंच!"

हे लागलं. थोरलीला दुकान, पोलीसबाई, पडदा, क्षणभर काहीच दिसेना. नवऱ्याने मात्र पडद्यावरचा हात काढला होता. तो वळून काउंटरला टेकला. डोळ्यांत चमक होती, नाटक फुकटात बघायला मिळाल्यासारखी.

"म्हणजे माझ्या बायकोवरून भांडताय की काय तुम्ही?" तो म्हणाला. "धाकटी बाई, रागावू नका, पण तुमच्या ताईंचं बरोबर आहे. मला कळतंय त्यांचं."

"काय कळतंय?" थोरलीने विचारलं.

"आपण राबायचं, जपायचं, आणि तिने हसायचं मात्र दुसऱ्यापुढे. नाही बघवत हो. मलाही बघवत नाही." तो समजूतदारपणे मान हलवत होता. "जे आपलं ते आपलंच असायला हवं. त्यात काय चुकलं?"

इतक्या महिन्यांत तिच्या मनातलं इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं. तिच्या नवऱ्याने चेष्टा केली होती, धाकटीला कळलं नव्हतं. आणि हा माणूस तिच्या शेजारी बसायला जागा करून देत होता.

हॉर्न अजून वाजला नव्हता.

"काहीच नाही चुकलं," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, पण तिने तो तुटू दिला नाही. "सांगा तुम्हीच हिला. मी सांगितलं तर ऐकत नाही."

तो सांगू लागला. त्याला धाकटा भाऊ होता, आईचा लाडका. विणकरणीलाही हा दीरच हसवायचा. मग त्याने त्या दिराचं येणं कसं बंद केलं, हळूहळू, कुणाला न कळता, ते तो सांगत होता. म्हातारे मालक एकच गुंडी पुन्हा पुन्हा मोजत होते. पोलीसबाईंच्या हातातली सुई हलत नव्हती. थोरली मान डोलावत राहिली. प्रत्येक वेळी मान डोलावताना तिला वाटत होतं, यातलं निम्मं मी खरंच डोलावतेय.

मागे हॉर्न वाजला.

थोरलीची डोलणारी मान थांबली. त्यानेही बोलणं थांबवलं, दोघींच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. बायकोला हाक मारत तो आत धावला. मागचं दार उघडं होतं, बोळ रिकामा. परत आला तेव्हा पोलीसबाई सुया खाली ठेवून ओळखपत्र काढत होत्या. "चला, बोलू जरा ठाण्यावर. खांद्यावर कुणाच्या हात ठेवायची गरज नाही."

तो आरडाओरडा करेल असं थोरलीला वाटलं होतं. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला, खरोखर दुखावल्यासारखा. "तुम्ही तर माझ्या बाजूने बोलत होतात," तो म्हणाला.

थोरलीने मालकांच्या हातातली गुंडी घेऊन फळीवर ठेवली.

तो गेल्यावर म्हाताऱ्या मालकांनी मागचं दार लावून घेतलं. धाकटी स्टुलावर बसून पायाजवळची एक सुटलेली गुंडी गुंडाळत होती. "ताई," शेवटी ती म्हणाली, "मी जरा जास्तच बोलले. तुम्हाला तू म्हटलं."

"म्हटलंस ते बरं केलंस."

"आणि तुम्ही जे बोललात ते..."

"खरं होतं," थोरली म्हणाली. "सगळं. सकाळी फोनही त्या मत्सरापोटीच केला. खोली जाईल म्हणून नाही."

धाकटीने गुंडी गुंडाळणं थांबवलं. तिला काय बोलावं सुचलं नाही, आणि तिने उगाच काही बोलण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल थोरलीला तिचा पहिल्यांदाच आदर वाटला.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. आश्रयगृहाचा नंबर. पण आवाज व्यवस्थापक बाईंचा नव्हता.

"ताई, मी पोचले."

"हो," थोरली म्हणाली. विचारण्यासारखं पुष्कळ होतं, लागलं का, खोली कशी आहे, भीती वाटते का. वर्षभराचं सगळं तिच्या जिभेवर होतं, आणि विणकरीण पहिल्यांदाच, त्याच्याकडे परत जायचं नसताना, तिच्याशी बोलत होती.

मग विणकरीण संकोचाने म्हणाली, "त्या आहेत का तिथे? त्यांना देता?"

अजूनही टोचलं. कमी नाही, तेवढंच.

"आहे ना. देते," थोरली म्हणाली, आणि फोन धाकटीच्या हातात ठेवून दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाशी थांबली, पण तिथपर्यंत आवाज येत होता. मग ती आणखी पुढे गेली, चप्पलवाला ओलांडून, पार कोपऱ्यापर्यंत. फोनवर त्या दोघी हसत असतील किंवा रडत असतील, इथून ते ऐकू येत नव्हतं. ती तिथेच उभी राहिली.